'हौशी' हा शब्द हलका कधी झाला?

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर आमच्या घरी पेढ्यांचा रतीब असतो. मी सांगलीत गेली २२ वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं नाट्यशिबिर घेतो. त्यातली मुलं आईवडिलांना घेऊन येतात. चहा होतो, टक्के सांगून होतात, सायन्स की कॉमर्स तेही होतं. मग उठता उठता, एक पाय चपलेत घालून वडील विचारतात, "सर, आता नाटकाचं काय करायचं? बंद करायचं, की त्यातच करिअर करायचं?" मुलगी जिन्यात उभी राहून मोबाईल बघत असते. स्क्रीनवरचं बोट मात्र थांबलेलं असतं.

इतकी वर्षं मी एक मोघम उत्तर देत आलो. आधी शिक्षण, मग बघू. या उत्तरात खोटं काही नव्हतं, पण ते पळपुटं होतं. मूळ प्रश्नात दोनच खण आहेत, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. गाणारं, नाचणारं, नाटकात काम करणारं पोर सोळाव्या वर्षी एक तर ते सगळं गुंडाळून माळ्यावर टाकेल, नाही तर त्यावर पोट भरायला निघेल. तिसरं काही असतं, हे त्या वडिलांच्या मनातच येत नाही. यंदा ज्यांनी विचारलं ते स्वतः गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. दर एकादशीला, वीस वर्षं. पण त्याला ते 'काही करणं' धरत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे. दहावी-बारावीनंतर लगेच कलेचा धंदा करायला निघणं बहुतेकांसाठी घाईचं असतं, आणि सोडून देणं जवळजवळ सगळ्यांसाठी नुकसानीचं. या दोहोंच्या मधली जागा, जिला आपण हौशी म्हणतो, ती या मुलांची खरी जागा. ती आईवडिलांना दिसत नाही यात त्यांचा दोष थोडा आहे. ती जागाच आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोडत आणली.

आधी घाईबद्दल. बाराव्या वर्षी सुरेख गाणाऱ्या मुलाचा आवाज तेरा-पंधराच्या दरम्यान फुटतो. पेटीवरच्या 'काळी चार' या पट्टीत तो काल सहज तान घेत होता, तिथे आज नुसती हवा येते. नवा आवाज कुठल्या पट्टीत, कसल्या जातीचा बसेल हे गुरूलाही सांगता येत नाही. नाटकातही तेच. बालनाट्यात मिळणाऱ्या टाळ्यांतल्या निम्म्या पोराच्या उंचीला असतात. मोठ्या माणसाचं वाक्य छोट्या तोंडून आलं की सभागृह हसतं. मिसरूड फुटली की ते हसू थांबतं. ना राजपुत्र शोभतो, ना राजा. म्हणजे सोळाव्या वर्षी आपण ज्या कलावंताचा फैसला करायला बसतो, तो एक तर निघून गेलेला असतो किंवा अजून आलेला नसतो. त्याला काढून टाकणारेही घाई करतात आणि मुंबईला पाठवणारेही.

कुमार गंधर्वांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण सांगताना आपण तिचा अर्धाच भाग सांगतो. शिवपुत्र कोमकली या पोरानं सात-आठ वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन लोकांना थक्क केलं, 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याच वयातली, पुढे मुंबईची परिषद गाजवली. हा आवडता भाग. त्यानंतर वडिलांनी त्याला मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलं आणि तिथे त्याची बरीच वर्षं गेली, हा भाग आपण घाईनं उरकतो. तोवर जे होतं ती नक्कल होती. अलौकिक, पण नक्कल. स्वतःचं गाणं पुढे आलं. मध्ये क्षयानं काही वर्षं गाणंच बंद पाडलं, देवासला अंथरुणावर पडून राहावं लागलं, तेव्हा कुठे. त्या पोराचे जलसे करत गावोगाव फिरवत राहिले असते, तर आज त्याचं नाव एखाद्या जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणात सापडलं असतं.

इथे हमखास कुणीतरी 'लिटिल चॅम्प्स' या टीव्हीवरच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचं नाव काढतं. काढायलाच हवं. २००८-०९ च्या त्या पर्वातले कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत आजही गातात, गाण्यावर उभे आहेत, २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. त्यांच्या मेहनतीबद्दल मला शंका नाही. पण पाच जणांवरून नियम काढायचा तर त्या वर्षी ऑडिशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाकीच्यांनाही मोजावं लागेल, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. शिवाय त्या पाचांतही टीव्हीच्या झोताआधी आणि नंतर गुरू होता, तालीम होती. टीव्हीनं त्यांना ओळख दिली. गाणं त्यांनी आधीपासून आणलं होतं. पालक मात्र उलटं वाचतात: ओळख मिळाली की गाणं येईल.

धंद्याबद्दल मुलांना खरं कुणी सांगत नाही, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. नाटकात पैसे 'नाईट'चे मिळतात. प्रयोग झाला तर नाईट. पाऊस लागला, बुकिंग पडलं, मुख्य नटाला शूटिंग लागलं तर नाही. तालमीच्या महिन्याचं बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. मालिकेत दिवसाला बारा-तेरा तासांची शिफ्ट असते आणि पैसे ९० दिवसांनी हाती येण्याची रीत आहे. मुंबईतला खोलीमालक ९० दिवस थांबत नाही. यात नीतीचा, बिघडण्याचा वगैरे प्रश्न नाही. तो प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीचा होता. आता हा साधा खेळत्या भांडवलाचा प्रश्न आहे. ज्याच्या पाठीशी घर आहे तो टिकतो, ज्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे असतात तो पहिल्या वर्षात परततो. मग आपण म्हणतो, त्याच्यात तेवढी धमक नव्हती.

कायद्यानंही या वयाला अर्धवट सोडलं आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली आणि बालकलाकारांना अटींसह सूट मिळाली. २०१७ च्या नियमांनी त्या अटी ठरवल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नको, तीन तासांहून जास्त सलग नको, सलग २७ दिवसांहून अधिक नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत गेले पाहिजेत. अटी चांगल्या आहेत. पण या कायद्यातलं 'मूल' म्हणजे चौदा वर्षांखालचं. पंधराव्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षी दहावीचं ओझं, आवाजाचा घोटाळा आणि करिअरचा प्रश्न एकदम येऊन बसतात, त्याच वर्षी ते पाच तासही जातात आणि ते २० टक्केही. नववीतलं पोर सेटवर मोठ्या माणसाच्या शिफ्टला उभं राहतं आणि दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरतं. हे वय अठरापर्यंत वाढवायला कुणाचा काय विरोध असेल मला कळत नाही. निर्मात्यांचा सोडून.

आता सोडून देण्याबद्दल. खरं तर मला जास्त राग इथे येतो.

भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींच्या घरचं 'अरंगेत्रम' तुम्ही पाहिलं असेल. पुण्यात, मुंबईत, आता सांगली-कोल्हापुरातही. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर मुलगी कॉलेजला घर सोडून जायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते उरकतात. मृदंगवाले, गाणाऱ्या बाई, वीणा, सभागृह, दागिने, आहेराच्या पिशव्या, जेवण. एखाद्या साखरपुड्याइतका खर्च. आणि त्यानंतर घुंगरू खुंटीला. तमिळमध्ये त्या शब्दाचा अर्थ आहे रंगमंचावर चढणं. चढण्याचा समारंभ करायचा आणि तिथूनच उतरून घरी जायचं, हे आपल्यालाच जमतं.

गाण्या-वाजवण्याचंही तसंच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात. गावोगावी या परीक्षांनी गाणं पोचवलं, पलुस्करांच्या परंपरेचे ते उपकारच आहेत. मग सरकारनं दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुण द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. झालं असं, की ठरावीक परीक्षा पास होऊन गुण पदरात पडले की तबला पलंगाखाली जातो. माझ्या ओळखीचे एक तबल्याचे शिक्षक म्हणतात, माझ्याकडे नववीत क्लास भरलेला असतो आणि अकरावीत मी एकटा ठेका धरून बसलेला असतो. गुणांसाठी शिकलेली गोष्ट गुण संपले की संपते, यात मुलांना काय दोष द्यायचा? आपणच तिला त्या भावात विकत घेतलं होतं.

सोडताना आईवडील नेहमी एक वाक्य म्हणतात: "नंतर करेल की, नोकरी लागल्यावर." एके काळी हे वाक्य खरं होतं. आता ते का खरं उरलं नाही, तिथेच माझ्या मते या सगळ्याचं मूळ आहे.

बोलपट आल्यावर नाटक कंपन्या बसल्या आणि मराठी नाटक मेलं अशी ओरड झाली. त्या पडत्या काळात ते हौशी लोकांनी धरून ठेवलं. मुंबईत साहित्य संघ, पुण्यात १९५१ पासून पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, मग राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा. गिरण्या, रेल्वे, बेस्ट, एसटी, बँका, विमा, टपाल, प्रत्येक खात्याचा एक नाटकाचा संघ. पाच वाजता साहेबाला नमस्कार करायचा आणि साडेसहाला तालमीला. या संध्याकाळींनी मराठी रंगभूमीला किती माणसं दिली! श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. कॉलेजपासून नाटक करत होते, पण पूर्णवेळ नट झाले १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. 'घाशीराम कोतवाल' १९७२ चं. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. त्यात नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. त्याच मंडळींतले सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात. १९८० मध्ये ते नाटक युरोपचा दौरा करून आलं ते अशा लोकांच्या बळावर.

हे बहुतेक सगळे डॉक्टर आहेत, माझ्या लक्षात आहे. आयांना ही उदाहरणं फार आवडतात. नाटक कर पण आधी एमबीबीएस हो! म्हणून एक उदाहरण डॉक्टर नसलेल्याचं. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. सेवादलाच्या कलापथकात काम करायचे आणि बागेत पाणी घालायचे. एका माळ्याच्या पगारावर आणि एका कलापथकावर तो नट घडला. त्याला कुणी सोळाव्या वर्षी 'सोड' म्हटलं नाही आणि 'मुंबईला जा' असंही म्हटलं नाही.

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते वसंतराव देशपांडे. आपल्या प्रश्नाचं ते चालतंबोलतं उत्तर आहेत. १९३५ च्या 'कालिया मर्दन' चित्रपटात ते बालकृष्ण होते. म्हणजे बालकलाकार. पंधरा वर्षांचं पोर, पडद्यावर झळकलेलं. आजचे पालक असते तर तिथेच दोन चिठ्ठ्या टाकल्या असत्या. वसंतरावांनी दोन्ही उचलल्या नाहीत. शिकत राहिले, लाहोरपर्यंत जाऊन शिकले, आणि पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. वीसेक वर्षं खर्डेघाशी केली. गाणं चालू होतं, मैफली चालू होत्या, सकाळी मस्टरवर सहीही चालू होती. नोकरी सोडली ती चाळिशीनंतर. १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. बालकृष्णापासून 'कट्यार'मधल्या खाँसाहेबांपर्यंत ३२ वर्षं. या ३२ वर्षांना काय म्हणायचं? कला सोडली होती म्हणायचं की व्यवसाय केला म्हणायचं?

(कारकुनीनं त्यांची उमेदीची वर्षं खाल्ली, असं म्हणणारे आहेत, आणि ते अगदीच चूक नाहीत. सरकारी बदलीनं त्यांना पार ईशान्येला नेऊन टाकलं होतं. मी नोकरीची आरती करत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो, की त्या कारकुनाला संध्याकाळ होती.)

आज ती संध्याकाळ कुणाला आहे? गिरण्या १९८२ च्या संपानंतर गेल्या. बँकांत आता सात वाजता टार्गेटची मीटिंग लागते. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या शाखेत नाटकाचा संघ करण्याइतकी माणसंच उरली नव्हती, कायम नोकरीतली तर नव्हतीच. कंत्राटी पोराला कुठल्या तोंडानं म्हणणार, थांब, तालीम कर? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते असावंच. कलेसाठी रेल्वेचा सांस्कृतिक कोटा आहे, त्यात एकेका विभागाला जेमतेम दोन-चार जागा निघतात. त्याआधीची संध्याकाळ, म्हणजे अकरावी-बारावीची, ती 'इंटिग्रेटेड'नं नेली. कॉलेजात नाव, हजेरी कागदावर, मुलगा सकाळी सातपासून कोचिंगमध्ये. अशा मुलाला एकांकिकेची तालीम म्हणजे काय हे दोन वर्षं कळत नाही आणि तिसऱ्या वर्षी त्याची ओढच संपलेली असते.

तालीम करायला जागा हा वेगळाच तमाशा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीता स्वयंवर' केलं म्हणून आम्ही सांगलीकर स्वतःला नाट्यपंढरीचे वारकरी म्हणवतो. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन दणक्यात होतो. आणि आमच्या शिबिरातली मोठी मुलं राज्य नाट्य स्पर्धेची तालीम एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये करतात, लग्न नसेल त्या दिवशी. मार्गशीर्षात मुहूर्त निघाले की दुसरा अंक राहतो.

मधली जागा अशी आक्रसली की तिच्यातल्या लोकांचंही मन बदलतं. पुरुषोत्तम करंडक ही पुण्याची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालते, कॉलेजच्या पोरांचा तो गणेशोत्सव आहे. २०२२ मध्ये परीक्षकांनी तो करंडक कुणालाच दिला नाही. बरीच चर्चा झाली, परीक्षक कठोर की पोरं कच्ची. मी त्या अंतिम फेरीला नव्हतो, म्हणून निकालावर बोलत नाही. पण इतर ठिकाणी स्पर्धा बघतो तेव्हा एक गोष्ट डोळ्यात येते. मुलं एकमेकांकडे बघून बोलत नाहीत, पहिल्या रांगेकडे बघून बोलतात. तिथे कुणीतरी कास्टिंगवाला बसला असेल. एकांकिका म्हणजे चाळीस मिनिटांची ऑडिशन. जिथे सोडणं किंवा धंदा एवढेच दोन खण आहेत, तिथे स्पर्धासुद्धा पहिल्या खणातून दुसऱ्यात उडी मारायची फळी होते. हौस म्हणून केलेलं नाटक धाडसी असू शकतं, कारण त्याला गमवायचं काही नसतं. ऑडिशनला गमवायचं असतं.

मधली जागा कायमची गेली असं मात्र नाही. ती कुठे जिवंत आहे ते बघायचं तर पुण्या-मुंबईच्या बाहेर जावं लागतं. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे, धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं केंद्र. रात्रभर नाटक, तिकीट लावून, हजारोंच्या गर्दीत. आणि त्यात काम करणारे कितीतरी जण एरवी शेतकरी, मास्तर, दुकानदार. सिंधुदुर्गातला दशावतार तसाच. पावसाळ्यात भाताची लावणी, कार्तिकापासून जत्रा. ज्याला तुम्ही काल चिखलात बघितलं तो आज गदा घेऊन देवळासमोर संकासुराशी भिडतो. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावानं नाटक करायचंच, ते नाही झालं तर उत्सव झाला नाही. भजन स्पर्धेत मुलांचा वेगळा गट असतो, आणि तो गट सोडून मुलगा मोठ्यांच्या गटात जातो. घरी जात नाही. या लोकांना विचारा, तुम्ही हौशी की व्यावसायिक? ते तुमच्याकडेच विचित्र नजरेनं बघतील.

त्याच वेळी एक लाज वाटावी अशी गोष्टही सांगितली पाहिजे. नारायणगावच्या राहुट्यांत चैत्रात तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात. त्या फडांतून वाढणाऱ्या मुलांना आमचा हा प्रश्न कधीच विचारला जात नाही. त्यांच्यापुढे प्रश्न उलटा असतो: शाळा कधी सोडायची? आज या गावी, उद्या त्या, फडाबरोबर ट्रकमध्ये दप्तर कुठे ठेवणार? विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. त्यांच्या वाटेनं चालणाऱ्या पोरींना हौशी होण्याची चैन मात्र मिळत नाही. मधली जागा हवी असं मी म्हणतो, ते त्यांच्यासाठी आधी. त्यांना कला न सोडता शाळेत राहता यावं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप खरोखर जड आहे. शास्त्रीय गायक, वादक, नर्तक सोळा ते बावीस या वयातच घडतात, रोजचा पाच-सहा तासांचा रियाज त्या वयात झाला नाही तर नंतर गळा, हात, पाय ऐकत नाहीत. हौशीपणानं तिथे काही होत नाही. मला हे मान्य आहे. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि गाणंही त्याच उंचीवर नेलं. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकल्या. पण ही नावं आठवतात ती अपवाद आहेत म्हणून. एखाद्या मुलीला खरोखर तो रियाज करायचा असेल, तर तिला करू द्यावा, सोपा विषय घेऊन पदवी करावी. पण हेही लक्षात घ्या, की रियाज करणं आणि धंदा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोळाव्या वर्षी पूर्णवेळ शिकणं योग्य असू शकतं. सोळाव्या वर्षी पूर्णवेळ कार्यक्रम करणं जवळजवळ कधीच नसतं. कार्यक्रम रियाजाचा वेळ खातात, हे कुठलाही गुरू सांगेल.

आणि कुणाला पूर्णवेळ जा म्हणावं, हे ओळखायचं कसं? मी बक्षिसांवरून ओळखणं सोडून दिलं आहे. शिबिरात एक मुलगा होता, अभिनयात अगदी लाकूड. वाक्य विसरायचा, हात खिशात. पण तालीम संपली तरी घरी जायचा नाही, लाइटवाल्यापाशी डिमरवर हात ठेवून उभा राहायचा. बक्षीस नाही, टाळी नाही, कुणी ये म्हटलेलं नाही. बारावीनंतर त्याच्या वडिलांना मी आपणहून सांगितलं, याला जाऊ द्या. त्यानं पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून पदवी घेतली, आज नाटकांची प्रकाशयोजना करून घर चालवतो. बक्षीस मिळवणाऱ्या चारही पोरांना मी तसं म्हटलं नव्हतं. त्यांच्यातल्या एकीनं मात्र माझं न ऐकता मुंबई गाठली आणि ती आता बरी कमावते, हेही लिहून ठेवतो, नाही तर ती मला सोडायची नाही.

करता येण्यासारखं काय आहे? मोठी नाट्यगृहं नकोत, ती बांधतात, उद्घाटन होतं, मग वातानुकूलन बंद पडतं. प्रत्येक गावात शाळा आहे, प्रत्येक शाळेत निदान एक हॉल किंवा दोन वर्गांमधली सरकती भिंत आहे, आणि संध्याकाळी सहानंतर तिथे कुलूप असतं. ते कुलूप आठवड्यातून तीन दिवस नऊपर्यंत उघडं राहावं. शाळा सोडून गेलेल्या, अठरा-वीस-तीस वयाच्या कुणालाही तिथे तालीम करता यावी, रियाज करता यावा, भजनी मंडळालाही बसता यावं. आम्ही हे एका शाळेकडे मागितलं होतं. संचालक भले होते, नाही म्हणाले नाहीत. अडलं ते एका बारीक गोष्टीवर. रात्री नऊला कुलूप लावायला शिपाई थांबणार, त्याचे महिन्याचे जादा पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे? शाळेच्या अंदाजपत्रकात असं खातं नाही. महापालिकेत विचारलं, तिथेही नाही. पखवाजवाल्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा चप्पल काढून परत आत आले आणि म्हणाले, "किती होतात पैसे?"